केसगळती: आधी प्रकार ओळखा, मग बाटली उघडा

"केस गळतायत, काय लावू?" असं विचारलं की मेडिकलवाला एक बाटली पुढे करतो, शेजारच्या काकू कांद्याचा रस सुचवतात आणि पार्लरवाली एखादं सीरम. केस नेमके कुठले गळतायत आणि कसे, हे मात्र कुणीच विचारत नाही. केस गळणं हे तापासारखं लक्षण आहे. मलेरियाचा ताप आणि टायफॉइडचा ताप यांना एकच गोळी चालत नाही, तसंच इथेही आहे. एका प्रकारात गुण देणारं औषध दुसऱ्यात वाया जातं आणि तिसऱ्यात नुकसान करतं. म्हणून पहिलं काम पाहण्याचं, लावण्याचं नंतर.

आरशासमोर दहा मिनिटं

दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी बसा. केस कोरडे हवेत, तेल नको. मागचा भाग स्वतःला दिसत नाही, तो घरातल्या कुणाकडून मोबाइलवर टिपून घ्या.

पुरुषांमध्ये कपाळाचे दोन कोपरे मागे सरकलेत आणि भोवऱ्याजवळ विरळ झालंय, पण कानांच्या वरची नि मानेकडची झालर दाट आहे, असं दिसलं तर तो आनुवंशिक प्रकार. बायकांमध्ये हाच प्रकार वेगळा दिसतो. कपाळावरची कड जागेवर असते, पण मधला भांग रुंद होत जातो, पुढच्या बाजूला जास्त. गळालेले केस मोजण्यापेक्षा इथे केसांची जाडी बघा: भांगाजवळचे केस मागच्या केसांपेक्षा बारीक, मऊ, आखूड झालेले असतात.

सगळ्या डोक्याचे केस एकदम मूठमूठ जातायत, न्हाणीघराची जाळी तुंबतेय, पण कुठे चट्टा नाही, तर ती तात्पुरती गळती असण्याची शक्यता जास्त. डॉक्टर तिला टेलोजेन एफ्लुव्हियम म्हणतात.

रुपयाएवढा गुळगुळीत, गोल चट्टा, त्यावर खपली नाही की खाज नाही, ही चाई. चट्ट्यावर खपल्या, खाज, मुळाशी तुटलेल्या केसांचे काळे ठिपके, आणि रुग्ण लहान मूल असेल, तर बुरशीचा संसर्ग धरून चाला. कानशिलाजवळ आणि कपाळाच्या कडेला विरळ झालंय आणि केस रोज ओढून बांधले जातात, तर ताणामुळे. आणि चट्टा चकचकीत आहे, केसांची छिद्रंच दिसत नाहीत, कडेला लाली किंवा जळजळ आहे, तर हा लेख बाजूला ठेवून आधी त्वचारोगतज्ज्ञ गाठा. कारण शेवटी दिलंय.

एक साधी चाचणी घरी करता येते. आदल्या दिवशी केस धुऊ नका. गोधडी शिवायच्या जाड दोऱ्याएवढी बट घ्या, साधारण ५० ते ६० केस. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट यांत ती मुळाशी धरा आणि हळूहळू टोकापर्यंत ओढत न्या, हिसका न देता. डोक्याच्या चार-पाच जागी करा. एका बटीमागे एक-दोन केस येणं नेहमीचं. सहा किंवा जास्त येत असतील तर गळती चालू आहे.

हातात आलेला केस पांढऱ्या कागदावर नाही, काळ्या कापडावर ठेवून बघा. टोकाला पांढरा बारीक गोळा दिसला की "मूळच उपटलं" म्हणून लोक घाबरतात. ते मूळ नसतं. विश्रांतीच्या अवस्थेतल्या केसाचं ते टोक असतं. मूळ कातडीच्या आत शाबूत आहे आणि तिथून नवा केस येतो. असे ५० ते १०० केस रोज प्रत्येकाचेच गळतात. गोळा दिसतच नसेल आणि केस वेगवेगळ्या लांबीचे असतील तर ते गळत नाहीयेत, तुटतायत. तुटण्याचं कारण रंग, स्ट्रेटनिंग, गरम ड्रायर किंवा ओल्या केसांवर चालवलेला बारीक दातांचा कंगवा असतं. त्यावर मुळांचं कुठलंही औषध चालत नाही.

आनुवंशिक विरळपणा: मिनॉक्सिडिल

मिनॉक्सिडिल मुळात रक्तदाबाची गोळी. घेणाऱ्यांच्या अंगावर लव वाढायला लागली, त्यावरून डोक्याला लावायचं द्रावण तयार झालं आणि १९८८ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. ते केसाचा वाढीचा काळ लांबवतं आणि बारीक होत चाललेला केस पुन्हा जाड करतं. पण लावलेलं मिनॉक्सिडिल आहे तसं काम करत नाही. मुळातलं एक एन्झाइम त्याचं रूप बदलतं, तेव्हाच ते कामाला लागतं. काहींमध्ये हे एन्झाइम कमी असतं, म्हणून दोन भावांनी एकच बाटली वापरली तरी एकाला गुण येतो, दुसऱ्याला नाही.

पुरुषांसाठी ५ टक्के, १ मिली, दिवसातून दोनदा. बायकांसाठी २ टक्क्यांचं द्रावण १ मिली दोनदा, किंवा ५ टक्क्यांचा फोम दिवसातून एकदा, अर्धं टोपण. बाजारात १० टक्क्यांच्या बाटल्याही मिळतात. त्यांचा जास्त फायदा होतो असं सिद्ध झालेलं नाही, जळजळ मात्र वाढते. ६० मिलीची बाटली दोनदाच्या हिशोबाने महिनाभर पुरायला हवी. दोन महिने पुरतेय याचा अर्थ तुम्ही निम्मंच लावताय.

लावायची पद्धत:

१. डोकं कोरडं आणि तेलविरहित हवं. ओल्या डोक्यावर द्रावण पातळ होतं आणि कपाळावर ओघळतं. तेल लावलं असेल तर आधी धुवा.

२. ड्रॉपर १ मिलीच्या खुणेपर्यंत भरा. स्प्रे असेल तर किती वेळा दाबलं की १ मिली होतं ते खोक्यावर लिहिलेलं असतं. कंपनीगणिक फरक पडतो.

३. विरळ भागात कंगव्याच्या शेपटीने भांग पाडा. ड्रॉपरचं टोक कातडीला टेकवत पाच-सहा थेंब सोडा. मग बोटभर अंतरावर दुसरा भांग. औषध कातडीला लागलं पाहिजे, केसांना नव्हे. केसांवर पडलेला थेंब तिथेच वाळतो, केस चिकट होतात आणि लोक "तेलकट वाटतं" म्हणून आठवड्यात सोडून देतात.

४. बोटाच्या पेराने हलकं पसरवा. जोरात चोळायची गरज नाही.

५. हात साबणाने धुवा. कपाळावर, कानामागे ओघळ आला असेल तर ओल्या कपड्याने पुसा. तिथे लव वाढते.

६. किमान चार तास डोकं धुऊ नका. रात्री लावत असाल तर झोपण्याच्या दोन तास आधी लावा. नाहीतर ते उशीला लागतं आणि उशीवरून गालाला.

द्रावणात अल्कोहोल असतं, त्यामुळे ते पेट घेऊ शकतं. डोकं ओलं असताना गॅसवर वाकू नका, देवापुढची समई लावायला जाऊ नका. घरात मांजर असेल तर फार जपा: मिनॉक्सिडिल मांजराला विषारी आहे, उशीवरचं किंवा केसांवरचं चाटूनही ती दगावू शकते. तान्हं बाळ असेल तर तेही डोक्याला बिलगणार नाही असं बघा. वडिलांच्या डोक्यावरच्या औषधामुळे बाळाच्या अंगावर लव वाढल्याच्या नोंदी युरोपात झाल्या आहेत. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी हे लावू नये. ज्यांना हृदयविकार आहे किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावं.

आता बहुतेकांचं कुठे चुकतं ते. दुसऱ्या आठवड्यापासून दुसऱ्या महिन्यापर्यंत केव्हातरी केस आणखी गळायला लागतात. विश्रांतीत असलेले जुने केस सोडून मूळ नव्या वाढीला लागतं, म्हणून ते होतं. औषध काम करत असल्याची ही खूण असते आणि नेमक्या याच वेळी घाबरून बाटली फेकली जाते. थांबा. चार महिने पुरे होण्याआधी निकाल मागू नका, आणि खरा हिशोब वर्षाने. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटरच वाढतो, त्याला घाई कशी करणार! दर महिन्याला एकाच जागी, एकाच उजेडात, भांग एकाच जागी पाडून फोटो काढा. रोज आरशात बघून फरक कळत नाही.

खाज, लाली, बारीक कोंडा सुरू झाला तर बऱ्याचदा दोष मिनॉक्सिडिलचा नसतो, द्रावणातल्या प्रॉपिलीन ग्लायकॉलचा असतो. फोममध्ये ते नसतं, म्हणून बदलून बघता येतं. छातीत धडधड, चक्कर, पायाला सूज आली तर लगेच थांबवून डॉक्टरांकडे जा.

आणि हे आधीच कळलेलं बरं: लावणं थांबवलं की मिळवलेले केस तीन ते सहा महिन्यांत जातात. मिनॉक्सिडिल आनुवंशिकतेचं कारण मिटवत नाही. वर्षानुवर्षं लावायची तयारी आणि दरमहाचा खर्च झेपणार असेल तरच सुरू करा.

कारणाला हात घालतं ते फिनास्टेराइड. टेस्टोस्टेरॉनपासून बनणारं डीएचटी नावाचं संप्रेरक मुळं बारीक करतं, ते बनणं हे औषध कमी करतं. आपल्याकडे ५ टक्के मिनॉक्सिडिलमध्ये ०.१ टक्का फिनास्टेराइड मिसळलेल्या बाटल्या मिळतात. "लावायचं आहे, पोटात जात नाही" असं म्हणून मित्राची बाटली वापरू नका. थोडं रक्तात जातंच, आणि कामेच्छा कमी होणं, मन उदास राहणं अशा तक्रारी होऊ शकतात. गरोदर बाईने या बाटलीला हातही लावू नये. पोटातल्या मुलग्याच्या जननेंद्रियांच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. हे डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्यायचं औषध आहे.

सुयांचा रोलर फिरवण्याची चलती आहे, तिचा एक धागा मुंबईचाच. शीव रुग्णालयात डॉ. रचिता धुरत आणि सहकाऱ्यांनी १०० पुरुषांवर केलेला अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. नुसत्या मिनॉक्सिडिलपेक्षा आठवड्यातून एकदा १.५ मिलीमीटरच्या सुयांचा रोलर आणि मिनॉक्सिडिल यांनी १२ आठवड्यांत बरेच जास्त केस आले. पण तिथे रोलर दवाखान्यात फिरवला जात होता आणि त्यानंतर २४ तास मिनॉक्सिडिल लावायला मनाई होती. घरी मागवलेला रोलर फिरवून लगेच वर औषध ओतलं तर ते जखमांतून थेट आत जातं. रोलर घरात दोघांनी वापरला तर रक्तातून पसरणाऱ्या आजारांचा धोका वेगळाच. ही गोष्ट डॉक्टरांकडेच करून घ्यावी.

मूठमूठ गळणारे केस

डेंग्यू, टायफॉइड, कोविड, मोठं ऑपरेशन, बाळंतपण, झटपट वजन उतरवणारा आहार, यांनंतर दोन-तीन महिन्यांनी ही गळती सुरू होते. इतका वेळ मध्ये जातो म्हणून कारण लक्षातच येत नाही आणि नव्या शाम्पूवर खापर फुटतं. तेव्हा कॅलेंडर काढा आणि तीन महिने मागे मोजा.

या प्रकारात डोक्याला लावायच्या औषधाची बहुधा गरज नसते. कारण संपलं की सहा महिन्यांत गळती थांबते आणि कपाळाच्या कडेला उभे राहणारे आखूड नवे केस दिसतात. बाटलीवर पैसे घालवण्याआधी हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड तपासून घ्या. पाळीत जास्त रक्तस्राव होणाऱ्या बायकांमध्ये फेरिटिन बऱ्याचदा कमी निघतं. बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर रक्त द्यायच्या दोन-तीन दिवस आधी बंद करा आणि लॅबला सांगा. थायरॉइडचे आकडे त्या गोळ्यांमुळे चुकतात.

एकाच भागातल्या अनेकांचे केस एकदम जायला लागले तर बाटलीचा विचारच सोडा. २०२४च्या डिसेंबरअखेरीपासून बुलढाणा जिल्ह्यात शेगाव तालुक्यातल्या गावांमध्ये लोकांचे केस काही दिवसांत गेले. आधी संशय पाण्यावर आणि शाम्पूवर होता. पुढे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांच्या तपासात बोट रेशनच्या गव्हातल्या जास्तीच्या सेलेनियमकडे गेलं. अशा वेळी आरोग्य केंद्राला कळवणं, आणि घरातलं धान्य-पाणी नमुन्यासाठी राखून ठेवणं हेच महत्त्वाचं.

चाई

चाईत शरीराची प्रतिकारशक्ती केसांच्या मुळांवरच हल्ला करते. किडा केस खातो, हा समज अजून टिकून आहे आणि त्यापायी चट्ट्यावर बिब्बा घालणं, लसूण चोळणं, खडबडीत कापडाने घासणं हे प्रकार होतात. बिब्ब्याच्या तेलाने कातडी भाजते आणि फोड येतात. भाजलेल्या जागी व्रण राहिला तर तिथे केस कायमचे येत नाहीत. एरवी चाईत मूळ जिवंत असतं आणि एक-दोन छोटे चट्टे वर्षभरात आपोआप भरूनही येतात. म्हणजे जे नुकसान आजाराने केलं नसतं ते उपायाने होतं.

कांद्याच्या रसाची कीर्तीही चाईवरूनच. २००२ साली बगदादमधल्या डॉक्टरांनी चाईच्या थोड्या रुग्णांवर दिवसातून दोनदा तो लावून पाहिला आणि बऱ्याच जणांना केस आले. तो अभ्यास चाईपुरता होता आणि लहान होता. आनुवंशिक टकलावर कांदा चोळून काही होत नाही; वास आणि जळजळ तेवढी पदरात पडते.

मोठ्या माणसांना डॉक्टर बहुधा क्लोबेटासोल या तीव्र स्टेरॉइडचं ०.०५ टक्क्यांचं लोशन किंवा मलम देतात. ते जपून वापरायचं. ट्यूबमधून तर्जनीच्या शेवटच्या पेरावर एक रेघ काढली की अर्धा ग्रॅम होतं आणि ते दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरतं. रुपयाएवढ्या चट्ट्याला तांदळाच्या दाण्याएवढं बास. चट्टा आणि त्याभोवती अर्धा सेंटीमीटर, इतकंच. डॉक्टरांनी सहा आठवडे सांगितलं असेल तर सहाच. जास्त दिवस लावलं की कातडी पातळ होते, बारीक लाल शिरा दिसतात, पुळ्या येतात.

लावून गुण येत नसेल तर चट्ट्यात ट्रायमसिनोलोनची बारीक इंजेक्शनं देतात, दर चार ते सहा आठवड्यांनी. नवे केस आधी पांढरे येतात, नंतर रंग धरतात, तेव्हा घाबरू नका. चट्टे पसरत असतील, भुवया-पापण्या जात असतील, नखांवर सुईने टोचल्यासारखे खड्डे असतील, तर घरी मलमाची वाट बघण्यात वेळ घालवू नका. पसरलेल्या चाईसाठी बॅरिसिटिनिबसारख्या गोळ्या आल्या आहेत. त्या तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच घ्यायच्या असतात.

कोंडा आणि बुरशी

तेलकट पिवळट कोंडा आणि खाज असेल तर केटोकोनाझोल २ टक्क्यांचा शाम्पू आठवड्यातून दोनदा, चार आठवडे. ओल्या केसांच्या मुळाशी फेस करा आणि तीन ते पाच मिनिटं तसाच ठेवा. घड्याळ लावून ठेवा, कारण लावला की धुवायची सवय हाताला असते आणि अर्ध्या मिनिटात औषध गटारात जातं. या काळात डोक्याला तेल थापू नका. कोंड्याशी संबंधित यीस्ट तेलातल्या आम्लांवरच जगतं. एरवी खोबरेल तेल वाईट नाही. धुण्याआधी लावलं तर केसातल्या प्रथिनांची झीज कमी होते. पण ते केसाच्या दांड्याचं काम करतं. मुळातून नवा केस उगवण्याशी त्याचा संबंध नाही.

मुलांच्या डोक्यातलं गजकर्ण ही वेगळी बाब. बुरशी केसाच्या आत असते, तिथे मलम पोचत नाही, म्हणून पोटात घ्यायचं औषधच लागतं: ग्रिसिओफल्विन किंवा टर्बिनाफिन, वजनाप्रमाणे, काही आठवडे. शाम्पू फक्त दुसऱ्यांना होणारी लागण कमी करतो. दुकानात मिळणारी स्टेरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध एकत्र असलेली मलमं इथे अजिबात नकोत. खाज थांबते, लाली जाते, आणि बुरशी आत पसरत राहते. कंगवा, टॉवेल, टोपी वेगळी ठेवा, भावंडांची डोकी तपासा. सुजलेली, पू भरलेली गाठ झाली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या, कारण तिने कायमचा व्रण राहू शकतो.

केसांवरचा ताण आणि व्रण

घट्ट वेणी, ओढून घातलेला अंबाडा, एक्स्टेन्शन यांनी कडेचे केस जातात. कपाळाच्या कडेला बारीक केसांची झालर तेवढी राहिलेली दिसते. केस सैल बांधायला लागलं आणि वेळीच लागलं, तर बहुधा परत येतात. सोबत मिनॉक्सिडिल देतात ते फक्त मदतीला. शाळेत जाणाऱ्या मुलींच्या वेण्या घालताना डोळे ताणले जात असतील तर पकड सैल करा.

व्रणाचे आजार, म्हणजे लायकेन प्लॅनोपायलॅरिस, डिस्कॉइड ल्युपस आणि त्यांचे भाऊबंद, यांत मूळच नष्ट होतं. गेलेले केस कुठल्याच लोशनने येत नाहीत. उपचार उरलेले वाचवण्यासाठी असतात, म्हणून इथे एकेक महिना मोलाचा. डॉक्टर बायोप्सी सुचवतील. जागा बधिर करून चार मिलीमीटरचा तुकडा घेतात, एखादा टाका पडतो. त्याला नाही म्हणू नका, कारण औषध त्या अहवालावर ठरतं.

डॉक्टरांकडे जाताना डोक्याला तेल लावून जाऊ नका, टक्कल झाकायची पावडर लावू नका, केस ताजे रंगवू नका. आदल्या दिवशी डोकं धुऊ नका. आजवर लावलेल्या सगळ्या बाटल्या, ट्यूबा, तेलं, अगदी बिनलेबलाचीसुद्धा, पिशवीत घालून न्या. महिन्यागणिक काढलेले फोटो मोबाइलवर एका फोल्डरमध्ये ठेवा आणि तीन महिन्यांमागे काय आजारपण झालं होतं ते एका चिठ्ठीवर तारखेसकट लिहून घ्या.